उन्हाळी

तासगाव डेपो. त्रिशला चौगुले, वय एकेचाळीस.
डबीवर चिकटपट्टी मीच लावली, नाव लिहिलं.
तिच्या खांद्याच्या पिशवीतून तिकिटाचं मशीन डोकावत होतं.
"उन्हाळी लागलीय ओ, दुसरं काय," ती म्हणाली.
डिसेंबर होता. मी स्वेटरवरून ॲप्रन घातला होता.

धन्याचं पाणी झालं होतं, सब्जा झाला होता.
मग स्टँडसमोरच्या मेडिकलमधल्या गोळ्या:
पाचातल्या दोन खाल्ल्या, बरं वाटलं,
एक जावेला दिली, तिलाही तसंच होत होतं,
उरलेल्या दोन पर्समध्ये, पुढच्या खेपेला.
पुढची खेप दीड महिन्यात आली.
मग आणखी एक. मग तिनं मोजणं सोडलं.
दिवसभर नोटा मोजणारी बाई.

जतच्या गाडीवर असते ती.
घरून भरून नेलेली बाटली
संध्याकाळी तशीच भरलेली परत येते,
नाहीतर ड्रायव्हर पितो.
तो गाडी उभी करून बाभळीमागं जातो.
तिनं कुठं जायचं?
स्टँडवरच्या संडासाला कडी नाही,
एका हातानं दार धरायचं,
दुसऱ्या हातात त्या दिवसाची कॅश.

तारेच्या बारक्या कडीनं
मी थाळीवर नागमोडी रेघा ओढल्या
आणि थाळी उबेला ठेवली, सदतीस अंशांवर.
तिथं वीस मिनिटांत एकाचे दोन होतात.
मी घरी गेले, भाकऱ्या केल्या, पोराचं गणित घेतलं,
झोपले.

सकाळी आटपाडीच्या डाळिंबाचे दाणे सांडावेत
तशी थाळी गुलाबी.
वाईट वाटू नये, पण सुंदर दिसते ती.

तिसऱ्या दिवशी कागदाच्या टिकल्या वाचायच्या.
एकेका टिकलीत एकेक औषध.
टिकलीभोवती मोकळं अंगण पडलं, तर जंतू हरले.
इथं एकेका औषधाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन
मांडी घालून बसले होते.
आर, लिहिलं मी. आर. आर.
महागाच्या औषधापुढंही आर.
शेवटच्या टिकलीला तेवढं अंगण होतं,
पट्टी दोनदा लावून बघितली.
एस.

वैरी म्हणवत नाही मला त्यांना.
आपल्याच आतड्यातले जुने भाडेकरू.
अर्ध्या मारानं जे मेले नाहीत
त्यांनी शेजाऱ्यांना चिठ्ठ्या दिल्या,
ह्या कुलपाची किल्ली अशी, त्या कुलपाची तशी.
माझ्या भावाच्या पोल्ट्रीत, कवठ्याला,
पिल्लांच्या पाण्यात एक पांढरी पावडर पडते.
पुड्यावरचं नाव मी ओळखलं होतं.
जेवायला बसलो होतो, काही बोलले नाही.
रस्सा चांगला झाला होता.

दोन फेऱ्यांच्या मधे ती रिपोर्ट न्यायला आली,
खाकी ब्लाऊज घामानं काळं पडलेलं.
कागदावर बोट ठेवून उतरत गेली खाली,
थांबे वाचावेत तशी.
"आर म्हणजे?"
समजावून सांगायला वेळ नव्हता.
"राहणार," म्हटलं.
"आणि एस?"
"संपणार."
"एवढ्यात एकच संपणार?"

ते इंजेक्शनातलं आहे, मी सांगितलं,
डॉक्टर ठरवतील, पण सात दिवस तरी यावं लागेल.
आणि बरं वाटलं तरी मधे सोडायचं नाही.
ती सुट्ट्या मोजत होती. ओठ हलताना दिसत होते.
मग एकदम हळू आवाजात,
तिकीट राहिलेला प्रवासी विचारतो तसं,
"इथं बाथरूम आहे का हो?"

आहे. स्टाफसाठी. कुलूप असतं.
खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात दिली.
आतून कडी लागल्याचा आवाज आला,
नळाचा आला, मग बराच वेळ काहीच नाही.
गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.
वाजू दे.

मला आठवलं, मीही सकाळपासून गेले नव्हते.

ती आली, किल्ली टेबलावर ठेवली, ओली.
बाकड्यावर डब्या घेऊन बसलेल्या बायांनी
आधी किल्लीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.